अकरा घरांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी फिरती पाटी आहे. देवदाराची फळी आणि वर कागद धरायला पितळी चिमटा, एवढाच माझा थाट. जपानमधल्या कोझावा या डोंगरगावात आमच्या गल्लीत अकरा घरं. बर्फ कधी उपसायचा, जत्रा कधी, कोण वारलं, सगळं माझ्यावर लिहून येतं. वाचणाऱ्याने शिक्का मारायचा आणि मला शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. चाळीस वर्षं माझं कौतुक झालं. आता फोनमुळे मला कोण विचारतो!

गेल्या शरदात तोक्योहून चिहारु आणि तिचा नवरा आले. म्हणे, बरीच गावं बघून आमचं निवडलं. स्कीची घसरण दारात, गरम पाण्याचे झरे, लाकडी घरं.

"गाव काय भाजी आहे, निवडून घ्यायला?" गल्लीप्रमुख तोकुजीकाका म्हणाले. "पहिला मोठा बर्फ पडू दे, पळतील बघ!"

मलाही तेच वाटलं. त्यात पहिल्याच फेरीला चिहारुने मला पुढच्या घराच्या कडीला अडकवलं आणि स्की घेऊन गेली. झालं! सगळी गल्ली तिच्यावर तुटून पडली.

"अहो वहिनी, पाटी हातात द्यायची असते," तोकुजीकाकांनी बजावलं. "कागदाचं काय घेऊन बसलात? आतलं माणूस धड आहे ना, ते बघायचं!"

ती लाल होऊन "चुकलं" म्हणाली. माझा मात्र विश्वास बसला नाही.

माघात तीन दिवस बर्फ कोसळला. चौथ्या सकाळी तोकुजीकाका मला घेऊन तोमेआजींकडे आले. आजी ऐंशीच्या, एकट्या. काकांना घाई होती. त्यांनी मला दारातल्या खिळ्याला टांगलं आणि हाकही न मारता निघून गेले.

थोड्या वेळाने घरामागे धप्पकन आवाज झाला. छपरावरचा बर्फ घसरला होता. पाठोपाठ आजींचा बारीक आवाज आला, "कुणी आहे का रे?"

मित्रांनो, ऐकणारी फक्त मी होते आणि मला तोंड नव्हतं. आवाज बारीक होत गेला. माझा जीव नुसता तुटत होता.

तेवढ्यात खांद्यावर स्की घेऊन चिहारु आली. आली बया, आता मला उचलणार आणि चालती होणार, असं मी मनात म्हटलं. ती थबकली.

"पाटी खिळ्याला कशी? आजी! अहो आजी!"

उत्तर नाही. ती धावत मागे गेली. स्कीनेच बर्फ खणत राहिली, ओरडून गल्ली गोळा केली. छातीपर्यंत गाडलेल्या आजी बाहेर निघाल्या. ओठ निळे पडले होते, पण धुगधुगी होती.

"अगं," आजी पुटपुटल्या, "तुझं ते खेळणं कामाचं निघालं की!"

तोकुजीकाका धापा टाकत आले. त्यांची नजर माझ्यावर गेली आणि ते मटकन बर्फात बसले.

"पाटी मी टांगली, वहिनी," ते म्हणाले. "तुम्हाला शिकवणारा मीच."

 चिहारुने त्यांना हात देऊन उठवलं. मला माझीच लाज वाटली. भलत्याच माणसावर मी संशय घेत बसले होते.

मला जपा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. फळी आज ना उद्या कुजायचीच. पण शेजाऱ्याचं दार वाजवाल, तेव्हा आतून आवाज येईपर्यंत थांबा.