टाळ्या संपल्या नव्हत्या

"नख लावू नका, येगोरोव्ना. कागद फाटेल."

"फाटू दे. खाली कोण आहे ते मला बघायचंय."

खाली कोण आहे ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. थिएटरच्या लॉबीत रविवारच्या प्रयोगाची यादी लागली होती, आणि पहिल्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवून वर दुसरं नाव टाइप केलं होतं. गोंद अजून ओला होता. कापितोलिना येगोरोव्नाने नखाने पट्टीचं टोक उचललं, खालचं 'झारोवा' दिसल्यावर पट्टी परत दाबून बसवली आणि बोट एप्रनला पुसलं.

"वीस वर्षं नाचली या लाकडावर," ती म्हणाली. "रविवारी शेवटचा प्रयोग, सोमवारपासून पेन्शन. आणि शेवटच्या प्रयोगाला हिला दिली सावत्र आई! तीन अंक नुसतं येरझाऱ्या घालायच्या, शेवटी दोन मिनिटं नाच. आणि नायिका, गिरणीवाल्याची लेक कोण, तर मॉस्कोहून आलेली पाहुणी."

"सावत्र आई तर सावत्र आई," मी म्हटलं. "स्टेजवर तर आहे ना."

तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी आमच्या काउंटरकडे निघाले.

मी ताया. थिएटरच्या क्लोकरूममध्ये उजवीकडचे कोट माझे, डावीकडचे तिचे. कोट घ्यायचा, खुंटीला लावायचा, त्या नंबरचा बिल्ला द्यायचा. प्रयोग संपला की बिल्ला घ्यायचा आणि कोट द्यायचा. मला या कामात बसून विणायला मिळतं, म्हणून मी इथे आहे. बॅलेतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि कळावं अशी इच्छाही कधी झाली नाही.

तिची गोष्ट वेगळी. तीस वर्षं तिने बेअरिंगच्या कारखान्यात क्रेन चालवली. एकदा युनियनने फुकट तिकिटं वाटली, बाकीच्यांनी ती शेजाऱ्यांना देऊन टाकली, हिने वापरलं आणि बाई कामातून गेली. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी इथे अर्ज घेऊन हजर. कोटांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आमच्या काउंटरपासून हॉलच्या बाजूच्या दारापर्यंत सत्तावीस पावलं आहेत, ती तिला हवी होती. तिसरी घंटा झाली की ती दारात जाऊन उभी राहायची ती शेवटचं अभिवादन होऊन पडदा पडेपर्यंत, आणि तेवढा वेळ दोन्ही बाजू मी सांभाळायचे.

दौऱ्यावर कुठलीही मंडळी येवोत, हिचं मत तयार. "उडी काय, कुणीही मारतं. खाली कसं येतं ते बघायचं. पाय वाजला की संपलं." एक मोठी नावाजलेली मंडळी वाद्यवृंदाशिवाय आली, टेप लावून नाचली. सगळं शहर लोटलं होतं. ही पहिल्या अंकातच परत आली आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. "वाजवणारा माणूस नाचणारीसाठी थांबतो गं. टेप कुणासाठी थांबते?" मग तीन दिवस ती गाल फुगवूनच होती.

इनेस्सा झारोवाशी तिची गाठ अशीच पडली. बारा वर्षांपूर्वी झारोवा लॉबीतून चालली होती आणि हिने काउंटरवरूनच हटकलं, "वळताना तुमचा डावा खांदा वर जातो. मागच्या वर्षी जात नव्हता." प्रमुख नर्तकीला! झारोवा लाल झाली आणि निघून गेली. पुढच्या प्रयोगानंतर मात्र अंगावर लोकरीची शाल ओढून आमच्या काउंटरशी आली आणि म्हणाली, "बोला."

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगानंतर हे चालायचं. फुलं देणारे होते, हाताचं चुंबन घेणारे होते, पेपरात लिहिणारे होते. ते सगळं उरकून झारोवा इथे यायची आणि म्हणायची, "बोला, येगोरोव्ना." येगोरोव्ना बोलायची. 'उत्तम' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. फार झालं तर 'बरं झालं'. ते ऐकलं की झारोवा लहान मुलीसारखी खूश होऊन जायची.

शनिवारी समूहात नाचणाऱ्या दोघी मुली क्लोकरूममध्ये आल्या आणि कुजबुजत सांगू लागल्या. पाहुणीची गाडी चार वाजता, म्हणून गेर्मान पावलोविचचा हुकूम सुटला होता: पडदा दोनदाच उघडायचा आणि लगेच हॉलचे दिवे लावायचे. गेर्मान पावलोविच म्हणजे आमचे व्यवस्थापक. झारोवाच्या निरोपाबद्दल ना घोषणा, ना भाषण. तेव्हा मुलींनी ठरवलं होतं की दुसऱ्यांदा पडदा पडला की तिला एकटीला पडद्यापुढे ढकलायचं.

"पण तोवर हॉलमध्ये राहणार कोण?" त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली. "दिवे लागले की सगळे कोटाकडे पळतात. ती बाहेर येईल आणि समोर नुसत्या खुर्च्या. त्यापेक्षा नकोच ना?"

"ढकला, पण जरा थांबून," कापितोलिना येगोरोव्ना म्हणाली. "खुर्च्यांचं मी बघते."

रविवारी बाहेर उणे बावीस होतं. दुपारी बाराचा प्रयोग, हॉल भरलेला, खुंट्यांवर कोटावर कोट. तिसरी घंटा झाली. येगोरोव्ना जागची हलली नाही.

"जा ना," मी म्हटलं. "मी आहे इथे."

"आज तू जा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच. तू इथे राहिलीस आणि कुणी आवाज चढवला की तू कोट देऊन टाकशील. फार मऊ आहेस तू. शेवटच्या अंकाला जा, दारात उभी राहा, आणि सगळं नीट बघून ये."

तेव्हा कुठे मला कळलं की बाई काय करणार आहे.

"येगोरोव्ना, काढून टाकतील हो तुम्हाला!"

"टाकू देत. उणे बावीसात कोटाशिवाय कोण घरी जातंय ते तरी बघू."

क्लोकरूममध्ये एक स्पीकर आहे, त्यावर हॉलमधलं ऐकू येतं. दोन अंक तिने तो स्पीकर ऐकला, डोळे मिटून. मधेच म्हणाली, "पाहुणी चांगली नाचतेय. उतरताना आवाजच नाही." तिच्याशी कुणाचं भांडण असलं तरी ती नाचाबद्दल खोटं बोलायची नाही.

शेवटच्या अंकाला मी दारात गेले. पडदा पडला, उघडला, पाहुणीने अभिवादन केलं, फुलं घेतली. पुन्हा पडला, पुन्हा उघडला. मग हॉलचे दिवे लागले आणि नेहमीचं सुरू झालं: खुर्च्या आपटल्या, लोक माझ्या अंगावरून जिन्याकडे धावले. दुर्बीण भाड्याने घेणाऱ्यांना कोट रांगेशिवाय मिळतो, म्हणून ते दुर्बिणी उंच धरून सगळ्यात पुढे. मीही त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले, काय होतंय ते बघायला.

खाली येगोरोव्ना काउंटरमागे हाताची घडी घालून बसली होती. काउंटरच्या आत यायच्या दाराला आतून कडी.

"कोट द्या!"

"टाळ्या संपल्या का?"

"कसल्या टाळ्या? दिवे लागलेत!"

"दिवे इलेक्ट्रिशियन लावतो. टाळ्या संपल्या का ते विचारतेय मी."

"माझी बस आहे हो, काकू!"

"माझीही असते रोज."

"माझ्याकडे दुर्बीण आहे," एक बाई बिल्ला नाचवत म्हणाली.

"मग बरंच झालं. वर जा आणि तिच्यातून बघा. इनेस्सा झारोवा आज शेवटची उभी राहतेय. वीस वर्षं तुमच्यासाठी पाय झिजवले तिने. तिचं झालं की प्रत्येकाला कोट मी स्वतःच्या हाताने चढवून देईन."

मग जो काही गलका उठला! कुणी म्हातारी म्हणालं, कुणी वेडी म्हणालं. एकाने तक्रारवही मागितली. "त्या टेबलावर आहे," येगोरोव्ना म्हणाली, "पेन नसेल तर माझं घ्या." एवढ्यात गेर्मान पावलोविच घाम पुसत आला आणि दार ठोठावू लागला.

"उघडा! तत्काळ उघडा!"

"काउंटरवरून उडी मारून या," ती म्हणाली. "मी अडुसष्ट वर्षांची आहे, अडवणार नाही. फक्त लोक बघतायत तेवढं लक्षात ठेवा."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग मागून एका पुरुषाचा आवाज आला, "झारोवा शेवटची? हे छापलं का नाही कुठे?" आणि तो वळून जिना चढू लागला. त्याच्यामागे आणखी दोघं. थंडीत उभं राहण्यापेक्षा हॉलमध्ये ऊब, असाही विचार पुष्कळांनी केला असेल. मी कुणाच्या मनात शिरले नव्हते. पण लोक वर गेले. कापितोलिना येगोरोव्ना गर्दीवरून माझ्यावर ओरडली, "ताया! तू तिथे काय करतेस? दारात जा!"

मी धावले. हॉलमध्ये अर्धे लोक वाटेत उभे राहून कुरकुरत, अर्धे बसलेले. तेवढ्यात पडद्याची फट हलली आणि झारोवा बाहेर आली. आली कसली, ढकलली गेली. अंगावर सावत्र आईचा राखाडी झगा. तिने समोर पाहिलं. रिकाम्या खुर्च्या बघायच्या तयारीने आलेलं माणूस होतं ते, आणि समोर सगळं गाव उभं. आधी एकच टाळी वाजली. मग दुसरी. मग मला माझाच आवाज ऐकू येईना. सात वेळा ती आत गेली आणि सात वेळा तिला लोकांनी बाहेर काढलं. मघाशी 'वेडी म्हातारी' म्हणणारा माझ्या शेजारी उभा राहून हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटत होता. मी रडले. का ते विचारू नका.

खाली आले तर येगोरोव्ना स्पीकरला कान लावून.

"किती?"

"सात."

"सात!" तिने काउंटरची कड घट्ट धरली. "आणि तिने काय केलं?"

"वाकली."

"अगं, कशी वाकली? हात कुठे होते?"

"हात... हाताच्या जागी होते, येगोरोव्ना."

तिने कपाळावर हात मारला. मग कडी काढली, एप्रन सारखा केला, आणि बोलल्याप्रमाणे आपल्या बाजूचा प्रत्येक कोट स्वतः चढवून दिला.

मंगळवारी गेर्मान पावलोविचने लेखी खुलासा मागितला. तिने वहीच्या पानावर माझ्यासमोर लिहिला: 'रविवारी प्रेक्षकांना कोट बारा मिनिटं उशिरा दिले. कारण, टाळ्या संपल्या नव्हत्या.' खाली पूर्ण नाव, सही.

"हे कारण होत नाही," तो म्हणाला.

"मग तुमच्या मनातलं कारण लिहा. मी खाली लिहीन की मला ते मान्य नाही."

महिनाअखेरपर्यंतच काम, पुढे नाही, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आणखी सहा प्रयोग," आणि झाडू घेऊन काउंटरमागची जागा झाडू लागली. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. मीच रात्री घरी जाऊन नवऱ्यावर चिडले.

गुरुवारी दुपारी झारोवा आली. आपली खोली रिकामी करून निघाली होती, हातात मोठी पिशवी.

"त्या दिवशी शोधलं तुम्हाला, येगोरोव्ना. बाहेर पडेपर्यंत तुम्ही निघून गेला होतात."

"गर्दी होती."

"हो ना! कुणी गेलंच नाही. दिवे लागले तरी कुणी गेलं नाही." ती अजून त्यातच होती. "बाराव्या रांगेतली एक बाई उठून गेली होती. दुसऱ्यांदा पडदा पडताना मला दिसली होती. आणि ती परत आली! वीस वर्षांत उठून गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलं नव्हतं."

मी टाके मोजत असल्यासारखी मान खाली घातली. येगोरोव्ना बिल्ले खुंट्यांवर लावत राहिली.

"तुम्ही दारात होतात ना?"

"मग आणखी कुठे असणार?"

झारोवाने पिशवी खाली ठेवली, शाल सारखी केली. "बोला तर."

माझ्या सुया थांबल्या. बारा वर्षांत या बाईने तिला एक शब्द खोटा सांगितला नव्हता, आणि आता सांगायला तिच्याकडे काहीच नव्हतं. 'उत्तम' म्हणाली असती तर झारोवाला तिथल्या तिथे कळलं असतं.

कापितोलिना येगोरोव्नाने दोन्ही हात काउंटरवर टेकले. मग भुवई वर करून म्हणाली, "तिसऱ्यांदा बाहेर आलात तेव्हा घाई केलीत. मान आधी गेली, हात मागून आला. टाळ्या ऐकून एवढं गडबडायचं असतं का?"

झारोवाने तोंडावर हात धरला आणि खळखळून हसली. "मला तेव्हाच कळलं होतं! वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही."

"माझ्या येतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बरं झालं."

झारोवा काउंटरवरून वाकून तिच्या गळ्यात पडली, बराच वेळ तशीच राहिली, मग पिशवी उचलून मोठ्या दाराने निघून गेली. गार वाऱ्याचा झोत आत आला, दार बंद झालं.

येगोरोव्ना स्वच्छ काउंटर पुन्हा पुसत राहिली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ताया, खरं सांग. तिसऱ्या वेळी मान आधी गेली होती का गं?"

मी काय बघितलं होतं? मला तर डोळ्यांत पाणी आल्यामुळे पडदासुद्धा धड दिसत नव्हता.

"हो," मी म्हटलं. "मान आधी, मग हात."

"वाटलंच मला," ती म्हणाली.