आरीचा टेका

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. मी घेते. नथ्थू. घ्या, घेतलं! नावानं कोणाचं आयुष्य कमी होत नाई, गुणवंतरावाच्या आरीनं होते, अन् ते मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं आहे.

मूल नावाच्या आमच्या गावात, बाजाराच्या मागं, धानाच्या गिरणीले लागून गुणवंतरावाची आरा मशीन होती. पहिली निवडणूक होऊन गेली होती, तेव्हाची गोष्ट. आलापल्लीच्या जंगलातला साग गाड्यायनं यायचा अन् तिथी चिरून त्याच्या फळ्या व्हायच्या. लोखंडी टेबल, त्याच्या मधातून वर निघालेली गोल आरी, अन् मागच्या छपरीत तेलाचं इंजन, ते जहीरभाई चालवायचा. पुढून लाकूड ढकलायचा नथ्थू. मागून फळी ओढायची मी. हो, मीच. आधीचा ओढणारा गडी पळून गेला, दुसरा कोणी मिळे नाई, तेव्हा मालक म्हणे, "नथ्थू, तुझी बायको काऊन नाई येत?" तेव्हा बाई चालली. फक्त बाईनं बोललेलं चालत नव्हतं.

आता टेका म्हणजे काय ते सांगते, नाईतर तुमी म्हणसान, हे बाई कायच्यासाठी एवढी तणतणून राह्यली. आरीच्या बाजूले टेबलावर एक लांब लोखंडी पट्टी कसलेली असते, तो टेका. लाकूड त्याले टेकवून पुढं ढकलत न्यायचं, म्हणजे फळी एकसारखी निघते. टेका आरीच्या रेषेत सरळ अन् घट्ट असला तर सगळं ठीक. जरासा तिरपा झाला की लाकूड आरी अन् टेक्याच्या मधात आवळते. मंग आरी ते लाकूड उचलून ढकलणाऱ्याच्या अंगावर फेकते. असं फेकते की त्यापरीस बैलाचं शिंग बरं.

आमचा जुना टेका कधीचा हलत होता. मी मागं उभी, मले समोरच दिसे. लाकूड अर्ध्यावर आलं की टेका हळूच कलायचा. मी मालकाले सांगतलं. मालक म्हणे, "टेका नाई, नथ्थूचा हात हलते. नाचता येईना अंगण वाकडं." अन् एक दिवस सागाचा तुकडा उसळला तो सरळ नथ्थूच्या पोटात बसला. पोट काळंनिळं झालं. पेजेचा घोट खाली उतरे नाई. रातभर कण्हला अन् सकाळी उठून आरीवर उभा. मी म्हटलं, आज मालकाले चांगलं सुनावते. तर हा देवमाणूस म्हणते, "जाऊ दे कमळा." जाऊ दे! त्याचं हे 'जाऊ दे' ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शेवटी मालक नवा टेका आणायले नागपूरले गेले. नथ्थूच्या पोटासाठी गेले असं समजू नका. फळ्या वाकड्या निघून राह्यल्या होत्या अन् गिऱ्हाईकं त्या वापस आणून टाकत होती, म्हणून गेले. दोन दिवसांनी छोट्या रुळाच्या आगगाडीनं आले, संगं गोणपाटात बांधलेले दोन टेके. दुकानदारानं सांगतलं होतं, लावून पाहा, एक ठेवा, एक वापस करा.

एक होता चकचकीत. पितळेची मूठ, वरतून आकडे कोरलेले, नव्या नवरदेवासारखा. पण तो कसायचा फक्त पुढच्या टोकाले, मागचं टोक मोकळं. दुसरा होता काळा, जड, ओबडधोबड. त्याले दोन्ही टोकाले पेच होते.

मालकानं चकचकीत टेक्यावरून हात फिरवला. म्हणे, "हाच. गिऱ्हाईक आलं तर पाहतच राह्यन."

"गिऱ्हाईकाले टेका पाहायचा आहे का फळी?" मी म्हटलं.

"तू ओढणारी आहेस. ओढ."

"ओढते म्हणूनच सांगून राह्यली, मालक. याचं मागचं टोक मोकळं आहे, जोर आला की हलन. काळा दोन्हीकडून धरते. काळाच ठेवा."

टेबलासमोर रुखमाबाई बसली होती. रुखमाबाई म्हणजे मालकाची माय. तिच्या हातात तेल-शेंदराची वाटी. ती बसल्या जागेवरून म्हणे, "आरीजवळ बाईच्या जातीनं तोंड चालवू नये. आरी कोपते." अन् बोलणारी कोण? बाईच ना! पण मालकाची माय म्हटली की तिचं तोंड वेगळं अन् माझं वेगळं.

या म्हातारीचं सांगायचं राह्यलं. तिचा नवरा जिवंत होता तेव्हा त्या आरीनं एका गड्याचा पंजा उडवला होता. तेव्हापासून ही दर मंगळवारी टेबलाच्या पुढच्या काठाले तेल-शेंदूर लावायची, उदबत्ती दाखवायची, दसऱ्याले नारळ फोडायची. म्हणायची, शेंदूर लागला तेव्हापासून आरीनं रक्त मागतलं नाई. नथ्थूच्या पोटात आतल्या आत साकळलं ते रक्त तिच्या लेखी नव्हतंच. पण खोटं कायले बोलू, मीसुद्धा रोज सकाळी त्या शेंदराले हात जोडत होती. नवरा त्याच्यासमोर उभा राहायचा, जोडीन नाई तर काय करीन?

मालक नथ्थूकडे वळले. "तुले कोणता पाहिजे रे?"

नथ्थूनं मान खाली घातली. "तुमी म्हणसान तो, मालक."

अव्वो माय! पोट कोणाचं, हात कोणाचे, अन् म्हणते तुमी म्हणसान तो! मी सरळ जाऊन भुशाच्या ढिगावर बसली. म्हटलं, "चकचकीत लावायचा असन तर आज फळी तुमीच ओढा. मी नाई ओढत." मालक ओरडले. मी हलली नाई. बाहेर सागाच्या गाड्या लागल्या होत्या, गाडीवाले आत येऊन तमाशा पाहत उभे राह्यले. जहीरभाईनं इंजन बंद केलं अन् छपरीतून म्हणे, "भाभी ठीक बोलून राह्यली, मालक. दोन पेचवालाच लावा." मालकाचा नाइलाज झाला. "लाव बे काळा," म्हणे, "हिची हौस फिटू दे एकदा."

जहीरभाई अन् नथ्थूनं मिळून काळा टेका बसवला. पान्यानं दोन्ही पेच असे आवळले की जहीरभाईच्या मानेच्या शिरा ताठल्या. इंजन सुरू झालं. नथ्थूनं लाकूड लावलं. मी मागं हात पुढं करून उभी. मनात म्हटलं, आता कसा हलते ते पाहते.

अन् हलला! मागचं टोक पक्कं होतं, पण पुढचं टोक सरकलं. सगळा टेका तिरपा झाला. मी बोंबलली, "नथ्थू, सोड!" त्यानं सोडलं अन् तो बाजूले झाला, तेवढ्यात लाकूड उसळून त्याच्या कानाजवळून गेलं अन् मागचा पाण्याचा माठ फुटला. जरासा उशीर झाला असता तर माठाच्या जागी त्याचं टाळकं होतं. तो तिथीच मटकन बसला.

अन् मालक हासले! खरं सांगते, हासले. "घे तुझा काळा! दोन पेच म्हणे! आता चकचकीत लाव रे जहीर. नथ्थू, ऊठ, काई झालं नाई तुले."

जहीरभाई काळा टेका काढाले गेला. पेच सैल करून त्यानं पुढचं टोक वर उचललं, अन् मले त्याच्या खालच्या, काठ धरणाऱ्या जबड्यात लाल दिसलं. पहिले वाटलं रक्त आहे. मी धावत पुढं गेली. रक्त नव्हतं, शेंदूर होता. खाली वाकून टेबलाचा पुढचा काठ चाचपला तर माझ्या हाताले लोखंड लागलंच नाई. इतक्या वर्षांचं तेल, शेंदूर अन् भुसा बसून बसून त्याचा भाकरीएवढा जाड पोपडा झाला होता. वरून टणक, आतून मेणासारखा. अन् नेमका तिथीच टेक्याचा पुढचा पेच बसायचा. पेच लोखंडाले धरतच नव्हता, शेंदराले धरत होता. इंजन हादरलं की पोपडा दबे अन् टेका सरके. जुना टेका चांगला होता, काळा चांगला होता, चकचकीतही चांगलाच असन. विलायतेतून टेका आणला असता तरी तो सरकलाच असता.

मी सरळ उभी राह्यली अन् सगळ्यायले ऐकू जाईन असं म्हटलं, "हा शेंदूर खरवडा. मंग कोणताही टेका लावा."

गाडीवाल्यायनं एकमेकाकडं पाह्यलं. रुखमाबाई उठून टेबलाच्या पुढं आडवी झाली. "खबरदार कोणी हात लावला तर! शेंदूर निघाला की आरी रक्त मागन. तुले तुझ्या कुंकवाची फिकीर नाई का वं?"

"त्याचीच आहे म्हणून सांगून राह्यली!"

मी जहीरभाईकडे पाह्यलं. त्यानं मान हलवली. हळूच म्हणे, "भाभी, हे मले नको सांगू. मी खरवडलं तर गावात दुसरंच पेटन." त्याचं खरं होतं. मालकाकडे पाह्यलं. मालक म्हणे, "मायनं लावलेला शेंदूर आहे. त्याले पटाशी लागणार नाई. चकचकीत लाव, सांभाळून ढकल, झालं."

अन् नथ्थू उठला. धोतराचा भुसा झटकला. म्हणे, "जाऊ दे कमळा. मी ढकलतो सांभाळून." अन् खरंच आरीकडे निघाला.

मी त्याचं मनगट धरलं. असं धरलं की त्याले सोडवता आलं नाई. आतापर्यंत राग होता तो मालकावर होता, म्हातारीवर होता. तेव्हा नथ्थूचा इतका राग आला की वाटलं याले इथीच दोन ठेवून द्याव्या. माणसानं गरीब असावं, पण इतकं सस्तं असू नये.

"हा नाई ढकलणार," मी म्हटलं. "मालक, मशीन तुमची, टेका तुमी निवडला, शेंदूर तुमच्या मायचा. पहिलं लाकूड तुमी ढकला. मी मागून ओढते. तुमचं लाकूड सरळ गेलं तर जन्मभर तोंड उघडणार नाई."

"मी?"

"काऊन? शेंदूर आहे ना! आरी कायले रक्त मागते?"

गाडीवाल्यातला एक जण फिसकन हासला. मालकाचं तोंड लाल झालं. त्यायनं जन्मात कधी लाकूड ढकललं नव्हतं, उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. पण आता मागं कसे हटतीन? कोट काढून खुंटीले लावला, बाह्या वर केल्या. "ढकलतो ना! भेतो का मी? लाव रे जहीर तो चकचकीत. इंजन सुरू कर."

टेका लागला. इंजन धडधडलं, पट्टा फिरला, आरी फिराले लागली. मालकानं लाकूड उचलून टेबलावर ठेवलं. मी मागं जाऊन उभी राह्यली. मले समोर मालक दिसत होते, अन् त्यायच्या बाजूले म्हातारी. म्हातारी आरीकडे पाहे, मंग पोराच्या हाताकडे पाहे. मालकाच्या बोटात सोन्याची अंगठी होती. त्यायनं लाकूड पुढं सरकवलं.

"गुणवंता! थांब!"

इंजनाच्या वर आवाज गेला म्हातारीचा. जहीरभाईनं इंजन बंद केलं. आरी फिरत फिरत थांबली. रुखमाबाईनं नथ्थूच्या अवजाराच्या पेटीतून पटाशी उचलली, पदर खोचला अन् टेबलासमोर उकिडवी बसली. कोणाले काई विचारलं नाई. देवाची माफी मागतली नाई. टेका सोडवायले लावला अन् दोन्ही हातानं खरवडाले लागली. पोपड्याचे तुकडे निघून तिच्या मांडीवर पडत होते, लाल, खाली काळपट लाल, त्याच्या खाली आणखी. खरवडता खरवडता तिचा श्वास फुलला तरी थांबली नाई. शेवटी पांढरं लोखंड दिसलं. त्यावर बोट फिरवून तिनं पाह्यलं, अन् तुकडे पदरात गोळा केले.

जहीरभाईनं टेका पुन्हा कसला. मालकानं बाह्या खाली केल्या, कोट घातला. म्हणे, "चल नथ्थू, लाव लाकूड."

मी म्हातारीच्या समोर जाऊन उभी राह्यली. "रुखमाबाई, दहा मिनटं आधी इथी माझा नवरा उभा होता. तेव्हा पटाशी काऊन नाई उचलली?"

तिनं माझ्याकडे पाह्यलं. पदर छातीशी धरून ती निघून गेली.

त्या दिवशी नथ्थूनं सांजपर्यंत लाकडं ढकलली. टेका केसभर हलला नाई. फळ्या सरळ निघाल्या, मालक खूश. रातच्याले घरी नथ्थू म्हणे, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?" मी त्याच्या ताटात भात वाढला.

दसरा आला तेव्हा म्हातारीनं शेंदूर टेबलाले नाई लावला, छपरीच्या खांबाले लावला. नारळ फुटला. सगळ्यायनं हात जोडले, नथ्थूनंही जोडले. मी नाई जोडले.