जावयाचं कुलूप

माणसाला रांगेत उभं करा आणि त्याच्या हातातली बॅग काढून घ्या, तो माणसात राहत नाही. रोलर कोस्टर चालू असतो तेव्हा हीच मंडळी हसत हसत बॅगा देतात. तो बंद पडला की त्यांना आठवतं, पाण्याची बाटली बॅगेत आहे, बॅग जमा केलेल्या खिडकीत आहे, आणि रांग सोडली तर नंबर गेला. मग त्यांच्या तोंडाला कोण लागणार! त्या दिवशी सकाळपासून गाडी बंद होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला वाटत होतं, की ती मीच मुद्दाम बंद पाडली आहे.

मी तिथला दुरुस्तीचा फोरमन. शेवटच्या उतारानंतरची ब्रेकची पट्टी झिजली होती, ती आम्ही बदलत होतो. आमच्या कामात एक नियम सगळ्यांच्या वर आहे. रुळांखाली जाणारा प्रत्येक जण मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. त्यावर त्याचा फोटो असतो, किल्ली त्याच्या खिशात असते. वर आल्यावर त्यानेच ते काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. एक जरी कुलूप लटकत असलं तरी गाडी जागची हलत नाही.

पट्टी बसली. आमची कुलपं निघाली. एक राहिलं. त्यावरच्या फोटोत आमचे जावईबापू दात दाखवत होते.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला इथे मीच चिकटवला, म्हणजे स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतला. मध्यंतरी हा गृहस्थ बायकोला मागे ठेवून, आमचं घर सोडून मित्राच्या खोलीवर राहायला गेला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "दादा, तुमच्या घरात माझा जीव गुदमरतो." आमच्या घरात! जिथे माझ्या आईने ह्याला कधी पाण्याचा पेला स्वतः उचलू दिला नाही! पूर्वी कामावर मी त्याला अरे-तुरे करायचो. त्या दिवसापासून अहो-जाहो सुरू केलं. शिवीपेक्षा ते जास्त लागतं, आणि त्याला लागावं अशीच माझी इच्छा होती.

शिवाय हाच माणूस मागे एकदा कुलूप तसंच ठेवून घरी निघून गेला होता. ते कापावं लागलं होतं. "पुन्हा असं केलंत तर कापलेलं कुलूप तुमच्या गळ्यात बांधीन," असं मी सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

वॉकीटॉकीवर हाका मारल्या, उत्तर नाही. पोरांनी वरूनच वाकून रुळांखाली दोन आरोळ्या ठोकल्या आणि हात झटकले. "गेले असतील तुमचे जावई. जित्याची खोड!"

तेवढ्यात पार्कचे साहेब आले. बूट चकचकीत, कपाळावर घाम. "कापा ते. रांगेतले लोक आता मला मारतील."

"मारू देत. माणूस बाहेर गेल्याची खात्री झाल्याशिवाय मी कापणार नाही."

"मग खात्री करा ना! पिशवी बघा त्याची. उभे काय राहिलात?"

हे मात्र बरोबर होतं. बॅगबंदी फक्त पाहुण्यांना नाही, आम्हालाही आहे. फोनसुद्धा वर न्यायचा नाही, उंचावरून निसटला तर खालच्याचा कपाळमोक्ष व्हायचा. आमच्या पिशव्या बॅगांच्या खिडकीत, आपापल्या खुंटीला. पिशवी आहे म्हणजे माणूस आत आहे, पिशवी नाही म्हणजे गेला. मी कुलूप कापायची मोठी कात्री उचलली आणि निघालो.

"काका, आता काय आमचे केस कापताय?" रांगेतून एक जण ओरडला. सगळे हसले. पाठोपाठ कुणीतरी सावकाश टाळ्या वाजवायला लागलं आणि ते लोण शेवटपर्यंत गेलं. मी मान वर केली नाही. केली असती तर कात्री फेकूनच मारली असती.

बॅगांच्या खिडकीत माझी बहीणच बसते. ती एका बाईशी हुज्जत घालत होती.

"ही बॅग नाही, पर्स आहे!"

"ताई, कमरेला बांधली तरी ती बॅगच. द्या इकडे."

बाई पाय आपटत गेली. बहिणीचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, "जावईबापूंची पिशवी कुठे आहे?"

तिने वळून रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "गेला तो."

"नक्की?"

"पिशवी घेऊन गेला. निघून जायची सवयच आहे ना त्याला!"

झालं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आता कुलूप कापायचं, वरच्यांना कळवायचं, म्हणजे या घरभेद्याची नोकरी गेलीच. पण कापण्याआधी त्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. शंका वगैरे काही आली नव्हती. नुसता राग होता, आणि बहिणीच्या कानावर पडावं म्हणून तिच्याच खिडकीतला फोन ओढून मी त्याचा नंबर लावला.

रिंग वाजायला लागली. ती खिडकीच्या आतून येत होती, बहिणीच्या पायाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या ड्रममधून.

मी आत शिरलो आणि ड्रम उलटा केला. कागदी पेले, केळ्याची सालं आणि त्याखाली त्याची करडी पिशवी.

"मी टाकली," ती म्हणाली. "सकाळी आला, पिशवी ठेवली आणि माझ्याकडे टोकन मागितलं. परक्यासारखं. माझ्याकडे! म्हणून टाकली."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. कात्री हातात तशीच होती. पळता पळता साहेबांना ओरडून सांगितलं, "त्या कुलपाला कुणी बोट लावलं तर बोट राहणार नाही!"

तो ब्रेकच्या खाली उताणा पडला होता. कानांवर आवाज अडवणारे गोळे, वॉकीटॉकी पलीकडे कठड्याला अडकवलेला, आणि गाडीची चाकं जातात तिथे डावा हात कोपरापर्यंत आत. मी त्याच्या बुटावर लाथ घातली. त्याने कान मोकळे केले.

"एक बोल्ट ढिला वाटला, दादा. आलोच." मग त्याला माझ्या हातातली कात्री दिसली. "पिशवी बघितली नाहीत?"

"खुंटीला नव्हती."

त्याने हात हळूच बाहेर काढला. मग कोपरापासून बोटांपर्यंत तो निरखून पाहिला.

"मूर्खा, हाका ऐकू येत नाहीत? इथे मरायला पडलास?" मी त्याच्यावर खेकसलो. घर सोडल्यापासून पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

तो वर आला. स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. मग खिडकीपाशी गेला आणि टोकन पुढे केलं. बहिणीने पिशवी पुसून ठेवली होती. त्याने ती घेतली, खांद्याला लावली आणि फाटकातून बाहेर पडला.

गाडी सुरू झाली. मघाशी टाळ्या पिटणारे आता आनंदाने किंचाळत होते. मी खिडकीवर कोपर टेकून उभा राहिलो.

"दादा," बहीण खालच्या आवाजात म्हणाली, "कशासाठी विचारतोयस ते तू आधी सांगायचंस ना."

इतकी वर्षं ती तिथे बसते. मागच्या वेळी कुलूप कापलं तेव्हाही मी तिलाच विचारून कापलं होतं.

"माझ्या हातात काय होतं ते दिसलं नाही तुला?"

एका बाप्याने खिडकीत बॅग आदळली. तिने ती घेतली, खुंटीला लावली, टोकन दिलं.

"दिसलं होतं," ती म्हणाली, आणि पुढच्याची बॅग घ्यायला तिने हात पुढे केला.