सहा किलो दोनशे

मित्रांनो, आता मला गंज चढला आहे, पण एकेकाळी मी ताम्हिणीच्या वरच्या पाड्यावरचा वजनकाटा होतो. अंगणवाडीच्या आढ्याला मला टांगलेलं असे. खाली कापडी झोळी आणि झोळीत रडणारं बाळ. अंगणवाडीच्या सेविका साधनाताई आकडा मोठ्यानं वाचायच्या आणि आया खूश व्हायच्या. तेव्हा माझं फार कौतुक होतं.

दोन वर्षांपूर्वी डोंगर खचला. पाडा रिकामा करून सगळ्यांना पौडच्या अलीकडे पत्र्याच्या छावणीत आणलं, ताईंसोबत मलाही. दोन महिन्यांसाठी, असं सांगितलं होतं. भोवती तारेचं कुंपण, फाटकावर पहारा. डोंगर धोक्याचा म्हणून परत जायला बंदी. रानातले कंद, ओढ्यातले खेकडे, सगळं तिकडंच राहिलं. इथं दोन वेळा पातळ खिचडी. मुलांची वजनं उतरू लागली, तेव्हा छावणीचे व्यवस्थापक जयसिंग यांनी साधनाताईंना वहीत आकडे वाढवून लिहायला लावले. नोकरी जाईल या भीतीनं ताईंनी लिहिले.

मग छावणीबद्दलच्या तक्रारीवरून कोर्टानं एका डॉक्टरबाईंना तपासणीला पाठवलं. त्या कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या. त्या दिवशी पाण्याचा टँकर आला, खिचडी घट्ट झाली. बायकांना विचारलं, तर माना खाली घालून सगळ्या बरं चाललंय म्हणाल्या. डॉक्टरांनी वही चाळली आणि लिलाबाईंच्या चौदा महिन्यांच्या प्रियंकाला माझ्या झोळीत ठेवायला सांगितलं. वहीत आठ किलो होते. माझा काटा सहा किलो दोनशेवर थांबला.

काटा जुना आहे, बिघडलाय, असं जयसिंग सांगू लागले. डॉक्टरांनी एक किलो मिठाचा बंद पुडा टांगला. मी बरोबर एक किलो दाखवला. तरी ते हेका सोडेनात.

तेव्हा साधनाताई बोलल्या. "काटा खरा हाय, मॅडम. वहीतलं खोटं हाय. मीच लिवलंय."

लिलाबाई हळूच म्हणाल्या, "पोरगी उपाशी हाय, बाई. दुसरं काय न्हाई."

डॉक्टरांनी सगळं लिहून नेलं. पंधरा दिवस बायका फाटकाकडे बघत होत्या. मग ताईंची लांब बदली झाली. श्रावणात प्रियंका तापानं गेली. त्यानंतर महिन्यानं अहवालावर कार्यवाही झाली. छावणीला नवा इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला. खिचडी तीच राहिली. मला शेडमागे टाकून दिलं.

मित्रांनो, मला पुसू नका, तेलही घालू नका. कुठं मुलांची वजनं होताना दिसली, तर नुसता आकडा वाचून परत फिरू नका. त्या मुलाच्या ताटात काय आहे, तेही बघा. इथं आता आकडे खरेच लिहितात. ते दर महिन्याला कमीच होत चाललेत.