पट्टा घसरलेला आवाज

खोटं वाटलं तर गारगोटीला जाऊन नदीला विचारा.

दोन हजार तीनच्या सुमाराला गोकुळ शिरगावात आमचे मालक पृथ्वीराज यांच्या कारखान्यात लेसरचं मशीन आलं. इचलकरंजीच्या मागांवर ज्यांतून सूत धावतं, त्या पांढऱ्या सिरॅमिकच्या कड्या आम्ही करायचो. पोलादावर ओरखडा काढतील इतक्या कठीण. आतून जरा खरखर राहिली की सूत तुटलंच. पूर्वी हिऱ्याची पूड लावून घासत बसायचो. हात झिजायचे, कडी झिजायची नाही. लेसरचं काम निराळं. आधी कडी भट्टीत हळूहळू तापवायची, नाहीतर तडकते. मग उजेडाची टाचणी तिच्या अंगावरून फिरवायची. वरची केसाहून पातळ साय वितळते, पसरते, थिजते. वारा पडल्यावर तळं निवांत होतं, तशी कडी होते.

मशीनवर गुंडू. माणूस सोन्यासारखा, तोंड कानशीसारखं. मेहुण्याच्या पोराच्या बारशात त्याची बायको धोंडुबाई पाळणा म्हणत होती, तर हा भर मांडवात ओरडला, "अगं थांब की, मशीनचा पट्टा घसरल्यागत वाजतीयस!" बायका हसल्या. धोंडुबाई गारगोटीला माहेरीच राहिली. निरोपांना उत्तर एकच: "घरात मशीनच आणून ठेवा म्हणावं."

तेव्हापासून गुंडू जागेपणीही झोपेत असल्यासारखा. एका दुपारी त्यानं एकाच कडीवरून उजेड फिरवला, फिरवतच राहिला. कडी अशी गुळगुळीत झाली की बसायला आलेली माशी घसरून खिडकीबाहेर पडली. नजरसुद्धा ठरेना. कडी तोंडापुढं धरून आत निरखता निरखता गुंडूनं मालकाला हाक मारली. म्हणायचं होतं, "मालक, ह्यो च्या हाय का भांडी धुतल्यालं पाणी?" कडीतून बाहेर आलं, "मालक, आजचा चहा किंचित सौम्य वाटतो."

पृथ्वीराजनं कानात बोट घालून हलवलं.

"शब्दांची खरखर आतच राहतीय, गुंडू," मी म्हणालो.

गुंडूनं कडी रुमालात गाठ मारून बांधली आणि गारगोटीची एस.टी. धरली. मीही चढलो. असली मजा कोण सोडतो?

पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गुऱ्हाळाचा गोड धूर वेदगंगेवर तरंगत होता. धोंडुबाई दार लावून आत. गुंडूनं कडी तोंडाला लावली. पोटात होतं, 'धोंडे, लई झालं रुसणं, चल गुमान घरला.' बाहेर आलं, "धोंडुबाई, आपला रोष रास्त आहे. कृपया स्वगृही परतावं."

आतून तिचा आवाज आला, "दादा, कोण पावणं आल्यात बघ. विम्याचं दिसत्यात."

मग दार उघडलं. तिनं नवरा बघितला, कडी बघितली.

"आणा हिकडं."

तिनं कडीतून तोच पाळणा म्हटला. काय सांगू! धूर जागच्या जागी थांबला. म्हशींनी रवंथ सोडला. उभ्या उसात रस वर चढताना ऐकू आला. गुंडूचं तोंड मात्र उतरत गेलं.

"आता वाटतंय का झाक?" धोंडुबाईनं विचारलं.

"वाटतंय की," गुंडू कडीशिवाय म्हणाला. "पर ह्यात तू कुठं हायस? घरातनं असला आवाज आला, तर दुसऱ्याच्या दारात आलो म्हणून मी माघारी फिरंन. मला आपली पट्टा घसरल्यालीच पायजे."

"परत मांडवात म्हणशीला?"

"मांडवात न्हाय. घरात म्हणीन."

धोंडुबाई हसली. हसणंही पट्ट्यासारखंच. पदर खोचून तिनं कडी नदीत भिरकावली. कडी पडली त्या जागी पाणी अजून खडकावरून सरकतं, पण खळखळत नाही. मालकाला आम्ही कडी तडकली म्हणून सांगितलं.

परतीच्या एस.टी.त धोंडुबाई कोल्हापूर येईपर्यंत पाळणा म्हणत होती. ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून बॉनेट उघडलं. गुंडू खिडकीला डोकं टेकून, बारशाच्या पोरासारखा, गाढ झोपला होता.