घरचा जावई

सुसाटच्या उजव्या पायाला घरात सगळे जावई म्हणत. नाव आईने ठेवलं होतं. मैदानात वाऱ्यासारखा पळायचा म्हणून त्याला सुसाट म्हणत. बेकरीवाल्यांच्या संघाविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात बॉलमागे धावताना त्याची टाचेमागची नस तुटली, ऑपरेशन झालं आणि तो पाय घरी आला तो तोऱ्यातच. त्याला उशी हवी, शेक हवा, जिना उतरताना दोन्हीकडून धरणारी माणसं हवीत. जरा कुठे कमी पडलं की ठणकून घरादाराला वेठीला धरणार. "आले हो जावईबापू," म्हणत आई गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची. मग बायकोने डाव्या पायाचं नाव सून ठेवलं, कारण सगळं ओझं मुकाट्याने तोच ओढत होता. सगळे पोट धरून हसले. सुसाटही हसला. पाय बरा होणार याबद्दल तेव्हा कुणाला शंका नव्हती.

पण पाय काही बरा होईना. टाके निघाले, जखम भरली, दुखणं मात्र तळपायापासून पोटरीपर्यंत ठाण मांडून बसलं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायचा म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. त्यात त्याचं इस्त्रीचं दुकान म्हणजे उभ्याचं काम. बसून इस्त्री करायला जावं तर हाताला जोर मिळत नाही आणि कॉलरच्या चुण्या तशाच राहतात. त्याने तेही करून पाहिलं. गिऱ्हाइकं कपडे परत घेऊन आली, तेव्हा स्टूल कोपऱ्यात गेलं आणि तो सगळा भार डाव्या पायावर टाकून उभा राहू लागला.

डावा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा त्याने कुणालाच सांगितलं नाही. घरात चौकशी व्हायची ती उजव्याची. "काय म्हणतात जावई?" "आज जरा बरे आहेत." सून कुरकुरतेय म्हणावं तर पुन्हा हशा पिकणार. आणि खरं सांगायचं तर तो घाबरला होता. हा एक पाय होता म्हणून दुकान उघडत होतं.

तपासणीला बायको बरोबर आली. डॉक्टरांनी टाच दाबली, पंजा वरखाली केला.

"नस जुळायची तेवढी जुळली. आता हे असं दुखत राहणार."

"आणि खेळ?"

"खेळ विसरा. दुसरा पाय कसा आहे?"

"तो ठणठणीत आहे," बायकोच बोलून गेली.

डॉक्टरांनी तरी पँट वर करायला लावली. गुडघा इतका सुजला होता की वाटी कुठे आहे ते कळत नव्हतं.

"याला पूर्ण विश्रांती द्या. यावर भार टाकायचा नाही."

"मग उभा कशावर राहू, डॉक्टर?"

डॉक्टर गोळ्या लिहीत राहिले.

घराचं दार लोटताना बायको म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं?"

"काही नसतं झालं. तरी सांगायचं."

दुसऱ्या दिवसापासून इस्त्री तिने हातात घेतली. तो खुर्चीत बसून कपड्यांवर पाणी शिंपडायचा, घड्या घालायचा. ती भराभर शिकली. गिऱ्हाइकं तर म्हणू लागली, हिचा हात तुझ्यापेक्षा सफाईचा आहे. तोही हसून मान डोलवायचा आणि आतून रडकुंडीला यायचा.

एका दुपारी ती चादरीला इस्त्री करत होती. मधेच तिने एक पाय चपलेतून काढला, दुसऱ्या पोटरीवर घासला आणि अंगाचा भार हळूच एका बाजूला टाकला. ते उभं राहणं सुसाटला पुरतं ठाऊक होतं.

"पाय दुखतात का गं?"

"छे हो. मला काय धाड भरलीय?" मान वर न करता ती म्हणाली, अगदी सहज.

इतके दिवस तोही असंच म्हणत आला होता, इतक्याच सहज. आई थकली होती, टेबलाशी उभं राहू शकेल असं घरात आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्याने पुढच्या शर्टावर पाणी शिंपडलं आणि तो तिच्या हाताशी ठेवला.