संस्थापकांची कुदळ

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी आम्हाला कलेक्टर मिळाले, पाऊस मिळाला नाही. कॉलेजची विहीर कोरडी पडली होती. तरी वर्धापनदिनी कुदळपूजन ठरलंच. परंपरा पूर्वापार होती, म्हणजे दहा वर्षांची.

बहात्तरच्या दुष्काळात संस्थापकांनी स्वहस्ते ही विहीर खोदली, असं कॉलेजचा इतिहास सांगतो. तो इतिहास मीच लिहिलाय; मी इथं इतिहास शिकवतो. त्यांची कुदळ मखमलीवर ठेवलेली असते. ती पुसायचं काम झाडलोट करणाऱ्या पारूबाईचं.

नवी स्मरणिका तिला तिच्या लेकीनं, पंचशीलानं, वाचून दाखवली. पारूबाई तडक माझ्याकडे आली.

"सर, ह्ये तुम्ही लिवलंत?"

"हाव."

"मग दांड्यावर तीन डाग कशाचे, त्येबी लिवायचं!"

डाग तापल्या सळईचे होते. दुष्काळी कामावर हत्यारं बदलू नयेत म्हणून मजूर अशी खूण करत. ही खूण तिच्या नवऱ्याची, केरबाची.

"तुमचे संस्थापक फोटोपुरती द्या म्हणले. फोटो काढला अन् जीपमधी घालून नेली. दुसऱ्या दिशी मुकादम म्हणला, हत्यार न्हाई तर काम न्हाई. माझा माणूस काम धुंडत हैदराबादला गेला, तिकडंच मेला. अन् मी दहा वर्सं तीच कुदळ पुसत आले! मला ती पायजे."

मी प्राचार्य शिवलिंगअप्पांकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "खरं असेल हो. पण इतिहास छापून झालाय."

वर्धापनदिनी कलेक्टरांनी हळदीकुंकवाला हात उचलला, तेवढ्यात पारूबाई मंचावर चढली. तिनं कुदळ उचलून खांद्यावर टाकली.

"पारूबाई! परंपरा आहे ती!" अप्पा ओरडले.

"तुमची आसंल. कुदळ माझ्या माणसाची हाय."

कोणी अडवलं नाही. तिच्या हातात कुदळ होती, हेही एक कारण.

मग माळ्याची कुदळ मागवली. पूजा झाली, टाळ्याही झाल्या.

संध्याकाळी अप्पांनी मला कागद दिला. "फौजदाराला अर्ज लिहा. चोरी झाली म्हणून."

"मालक कोण लिहू?"

"तुम्हाला काय सांगायचं? इतिहास तुमचाच आहे."

मी लिहिलं : 'केरबा नावाच्या मजुराची कुदळ आमच्या संस्थेने फोटोसाठी नेऊन दहा वर्षे स्वतःकडे ठेवली. ती आज त्याच्या पत्नीने नेली. चोर आम्ही आहोत.' खाली सही केली, हुद्द्यासकट.

अप्पांनी ते दोनदा वाचलं आणि फाडलं. मी दुसरा कागद घेतला आणि तेच पुन्हा लिहायला लागलो.